खतीजाचं जपा

त्या मंगळवारी हमरियाला आमच्या कंपनीत पाइपांचे दोन कंटेनर एकदम आले होते. मी तिथं स्टोअरकीपर आहे. यार्डात फोन न्यायला बंदी, म्हणून माझा फोन टेबलाच्या खणात होता. एक वाजता जेवायला आत आलो, खण उघडला, तर खैरुद्दीनभाईंचे अकरा मिस्ड कॉल. खैरुद्दीनभाईंचं शारजात रोल्याला टायपिंग सेंटर आहे. माझी बायको खतीजा तिथं चौदा वर्षं कामाला होती.

मी फोन लावला.

"मोहिद्दीन, जसा आहेस तसा हॉस्पिटलला ये. यल्ला, लवकर."

"काय झालं?"

"ये तू आधी."

मला तेव्हाच कळलं असं लोक म्हणतात, तसं मला काही कळलं नाही. मला वाटलं टॅक्सीची धडक वगैरे असेल, पाय मोडला असेल. वाटेत मी विचार करत होतो की पाय मोडला तर तिला तिसऱ्या मजल्यावर कसं चढवायचं, आमच्या बिल्डिंगची लिफ्ट सारखी बंद असते.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि हिंदीत सांगितलं की डोक्यातली नस फुटली, आणलं तेव्हाच काही उरलं नव्हतं. मी विचारलं, "म्हणजे आता काय करायचं?" खैरुद्दीनभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इन्ना लिल्लाही म्हणाले. तेव्हा मला कळलं.

सव्वाबाराला ती म्हणाली होती, डोकं दुखतंय. मग तिनं कीबोर्डवर कपाळ टेकलं. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, बाईंचं काही खाली पडलंय, ती वाकून शोधतेय. स्क्रीनवर त्या माणसाच्या अर्जात एकच अक्षर ओळींमागून ओळी उमटत गेलं, तेव्हा तो ओरडला. ती शेहेचाळीस वर्षांची होती.

नर्सनं प्लॅस्टिकच्या पिशवीत तिच्या बांगड्या, अंगठी आणि फोन दिला. फोन वाजत होता. मी तो बंद केला. घरी आल्यावर बांगड्यांसकट कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. फोन मी बंद केला, हे इथं लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या असरच्या नमाजानंतर दफन झालं, इथंच. दाभोळहून तिचा भाऊ अक्रम फोनवर रडत होता, म्हणत होता, गावी आणा, अम्मीच्या शेजारी जागा आहे. पण खतीजानं मला आधीच सांगून ठेवलं होतं की जिथं मरू तिथंच ठेवा, मला कागदांमध्ये अडकवू नका. कागदांमध्ये माणूस कसं अडकतं ते तिला माहीत होतं. रोज तेच बघत होती.

टायपिंग सेंटर म्हणजे काय ते इथं न राहिलेल्या माणसाला सांगायला हवं. व्हिसा, लेबर कार्ड, भाड्याचा करार, सगळ्याचे अर्ज तिथं टाइप होतात. चुकीचं अक्षर पडलं की अर्ज परत. खतीजा दाभोळच्या मराठी शाळेत दहावी झाली आणि रत्नागिरीला टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या, मराठी तीस आणि इंग्लिश चाळीस. अरबी इथं शिकली. तिची बोटं कधी अडत नसत. बोलताना इंग्लिश मोडकंतोडकं, पण कागद बघितला की कुठं खोट आहे ते तिला लगेच दिसायचं.

त्याच बिल्डिंगच्या दारात सिक्युरिटीला एक नायजेरियाची मुलगी होती. नाव मोरेनिके. खतीजा पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "अवो, आमच्या दारात एक मोरे आल्यात. इबादानच्या मोरे." तेव्हापासून ती आमच्या घरात मोरेबाईच. तिलाही ते आवडायचं. मी एकदा विचारलं, "मोरेबाई, जेवलात?" तर म्हणाली, "अंकल, तुमच्या गावात माझे किती नातेवाईक आहेत ते एकदा सांगा. आता माझा जमिनीत वाटा असेल." खतीजा इतकी हसली की तिला ठसका लागला.

मोरेबाई येताना एजंटनं तिला रिसेप्शनिस्ट म्हणून सांगितलं होतं. इथं आल्यावर सिक्युरिटीचा युनिफॉर्म दिला. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतला. तो खतीजानं अर्ज टाइप करून, तिला बरोबर नेऊन परत मिळवून दिला. मग मोरेबाईच्या ओळखीतल्या मुली यायला लागल्या, आणि मग तिकडच्या, अजून न निघालेल्या मुलींचे फोन. शेवटी मोरेबाईनं व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपच काढला. इबादानच्या, लागोसच्या सत्तरएक मुली, निघायच्या तयारीत असलेल्या. खतीजा दर शुक्रवारी दुपारी त्यांच्यासाठी व्हॉइस नोट करायची.

आधी ती वहीत मुद्दे काढायची, मराठीत. दोनशे पानी वही, बाहेर मी कव्हर घातलेलं. मग बेडवर मांडी घालून बसायची आणि फोन तोंडाजवळ धरून तिच्या इंग्लिशमध्ये बोलायची. मी बाहेर टीव्हीचा आवाज बंद करायचो. आमची मुलगी झारा, अकरावीत आहे, ती दारातून म्हणायची, "मम्मी, इट्स नॉट ‘सर्टिफिकेट इज मस्ट’, इट्स ‘अ मस्ट’." खतीजा म्हणायची, "त्यांना कळतं गं. तू तुझा अभ्यास कर."

आणि प्रत्येक नोटच्या शेवटी ती म्हणायची, "ओके सिस्टर्स. जपा हां." आमच्या गावाकडं कुणी निघालं की म्हणतात तसं. तिला सवयच होती. दुधवाल्यालाही म्हणायची.

दोन महिन्यांपूर्वी मोरेबाईची बदली दुबईला अल बर्शाच्या एका मॉलवर झाली. सकाळी सात ते संध्याकाळी सात. तिचं येणं बंद झालं, म्हणून खतीजाच्या जाण्याचं तिला कुणी कळवलं नाही. खैरुद्दीनभाईंकडं तिचा नंबर नव्हता. माझ्याकडं होता, कपाटात.

पंधराव्या दिवशी, बुधवारी, मी खतीजाचा व्हिसा रद्द करायला टायपिंग सेंटरला गेलो. ते करावं लागतं. माणूस गेलं तरी व्हिसा चालूच असतो. तिच्या खुर्चीवर एक नवीन मुलगी बसली होती, नबिला नावाची, केरळची. खैरुद्दीनभाईंनी तिला उठवलं आणि स्वतः बसले. त्यांना टायपिंग नीट येत नाही, दोन बोटांनी करतात. खतीजाचं नाव त्यांनी चारदा चुकवलं. नबिला मागं उभी होती, पण काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

मग त्यांनी खणातून एक पिशवी काढली. "हे तिचं. मी हात लावला नाही."

आत डबा होता. धुतलेला. कुणी धुतला माहीत नाही. चष्मा होता, आणि वही. मी वही तिथंच उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तारीख होती मंगळवारची, तीच. खाली एकच ओळ:

‘तितीच्या लेटरचा नंबर टाकला. गवंडी निघाला, अजमानचा. संध्याकाळी फोन करून नीट सांगायचं.’

तिती म्हणजे तितिलायो, मोरेबाईची धाकटी बहीण. इबादानला प्राथमिक शाळेत शिकवते. तिला लागोसच्या एका एजंटनं अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या नर्सरीत टीचरची नोकरी दिली होती, ऑफर लेटरसकट. ते लेटर खतीजाकडं तपासायला आलं होतं हे मला माहीत होतं. जेवताना तिनं सांगितलं होतं.

मी खैरुद्दीनभाईंना ओळ वाचून दाखवली. खतीजाच्या मेलमध्ये ते लेटर अजून होतं. त्यांनी नबिलाला नंबर टाकायला सांगितला. मंत्रालयाच्या साइटवर ऑफर लेटरचा नंबर टाकला की ते कुणाचं, कुठल्या कंपनीचं, ते दिसतं. नंबर खरा होता. पण नाव एका बांगलादेशी माणसाचं आणि काम गवंड्याचं, अजमानच्या कंपनीत. कुणीतरी खऱ्या लेटरवरचा नंबर उचलून तितीच्या खोट्या लेटरवर बसवला होता. नर्सरी अशी काही नव्हतीच.

"तिला कळवलंस का?" खैरुद्दीनभाईंनी विचारलं.

"कुणी कळवणार?"

"मग कळव ना बाबा!"

मी घरी आलो. झारा शाळेतून आली नव्हती. कपाट उघडलं, फोन चार्जिंगला लावला. चालू व्हायला वेळ लागला. मग तो थरथरायला लागला आणि थांबेचना. मोरेबाईचे सत्तेचाळीस मेसेज होते. मी वरून खाली वाचत गेलो.

सगळ्यात वर खतीजाचाच मेसेज होता. मंगळवार, सकाळी अकरा चाळीस. इंग्लिश अक्षरांत तीन शब्द: ‘नंबर चेक्ड. जपा.’

त्याखाली मोरेबाईचे. ‘थँक्यू मॅडम! तिती रडतेय आनंदानं.’ मग, ‘मॅडम, फोन लागत नाहीये, बिझी आहात का?’ मग तितीच्या राजीनाम्याचा फोटो, खाली हेडमिस्ट्रेसची सही आणि शिक्का. तितीनं फ्रीज विकला, शिलाई मशीन विकलं. चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली, त्याचा व्हिडिओ. मुली टाळ्या वाजवत होत्या. शेवटचा त्याच दिवशी सकाळचा: ‘मॅडम, तिती आज निघाली. इबादानहून बस पकडली. संध्याकाळी लागोसहून फ्लाइट. उद्या तुमच्या पाया पडायला आणीन.’

मी तो राजीनामा परत बघितला. तारीख बुधवारची. खतीजाचं दफन झालं त्या दिवशीची.

मला एक गोष्ट समजत नव्हती. वहीत लिहिलंय गवंडी. मेसेजमध्ये लिहिलंय नंबर चेक्ड, जपा. म्हणजे नंबर बघितलाय, सांभाळून राहा. एवढं स्पष्ट सांगूनही या मुलींनी राजीनामा दिलाच कसा?

मोरेबाईला फोन लावला. लागला नाही. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मी झाराला चिठ्ठी लिहिली आणि निघालो. बस, मग मेट्रो. अल बर्शाला उतरलो तेव्हा अडीच वाजले होते. मॉलच्या मागच्या बाजूला, जिथं माल उतरतो, त्या गेटवर मोरेबाई उभी होती. एका ट्रकवाल्याशी वाद घालत होती.

"भाई, तुझा ट्रक इथं, तू तिथं चहा पितोस, आणि मी काय ट्रकशी लग्न करू? हटाव!"

मग तिनं मला बघितलं आणि हसली. "अंकल! मॅडमनी पाठवलं? त्या कुठं आहेत? मला राग आलाय त्यांचा. पंधरा दिवस एक रिप्लाय नाही."

आमचं बोलणं हिंदी आणि इंग्लिश मिळून चालायचं. इथं मी मराठीत लिहितोय.

मी म्हणालो, "मोरेबाई, खतीजा वारली. पंधरा दिवस झाले."

ती हसत होती ते तसंच चेहऱ्यावर राहिलं. मग म्हणाली, "नाही."

"हो."

"नाही अंकल. त्यांनी मला मेसेज केला."

"त्यानंतर पस्तीस मिनिटांनी."

ती गेटच्या कठड्यावर बसली. ट्रकवाला ट्रक हलवायला आला होता, तो थांबला. युनिफॉर्ममध्ये बसायला परवानगी नसते, पण कुणी काही म्हणालं नाही. थोड्या वेळानं तिनं टोपी काढली आणि त्यात तोंड घातलं. मी उभा राहिलो. काय करायचं ते मला अजूनही कळत नाही अशा वेळी.

पण वेळ नव्हता. मी म्हणालो, "मोरेबाई, तितीला थांबव. ते लेटर खोटं आहे."

तिनं वर बघितलं. "काय?"

मी वही दाखवली, पण ती मराठीत. वाचून, अर्थ करून सांगितला. गवंडी, अजमान. नबिलानं काढून दिलेला कागद दाखवला. तिनं तो दोनदा वाचला.

"पण मॅडमनी लिहिलं जा म्हणून!"

"कुठं लिहिलं?"

"अंकल, तुमच्या डोळ्यांसमोर! हे काय? जपा!"

"जपा म्हणजे सांभाळा. सांभाळून राहा."

"जपा म्हणजे पळा!" ती एवढ्या जोरात ओरडली की ट्रकवाला वळून बघायला लागला. "आमच्या योरुबात जपा म्हणजे पळ, निघ, देश सोड! तिकडं प्रत्येक मुलगा हाच शब्द बोलतो. तू कधी जपा करतोस, ती जपा झाली. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. खतीजालाही नव्हतं. चार वर्षं ती त्या मुलींना दर शुक्रवारी म्हणत होती, जपा हां.

मोरेबाई म्हणाली, "ग्रुपमध्ये सगळ्यांना वाटायचं, मॅडम आमचा शब्द शिकल्या. शेवटी आशीर्वाद देतात, जा म्हणतात. आम्ही म्हणायचो, त्यांना तो नीट म्हणता येत नाही, दज़पा दज़पा करतात. पण प्रेमानं म्हणतात."

आपल्याकडं ज दोन आहेत. जिवातला एक आणि जपण्यातला एक. बोलताना खतीजाचा जपण्यातलाच होता, तो त्यांना वेगळा ऐकू यायचा. इंग्लिश अक्षरांत ज एकच. त्या मंगळवारी पहिल्यांदा तिनं तो शब्द बोलून न दाखवता लिहिला होता. घाईत असणार. संध्याकाळी फोन करून नीट सांगणारच होती.

मोरेबाईनं सुपरवायझरला हात जोडून लॉकरमधून फोन आणला. सुपरवायझर नेपाळचा होता, त्यानं पाच मिनिटं दिली आणि स्वतः गेटवर उभा राहिला.

तितीनं फोन उचलला. बसचा आवाज येत होता, मागं कुणीतरी काहीतरी विकत होतं. मोरेबाई त्यांच्या भाषेत भराभर बोलली. पलीकडून तितीही तेवढ्याच जोरात बोलायला लागली. मग मोरेबाईनं फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, "इंग्लिशमध्ये बोल. अंकलना ऐकू दे."

"सिस्टर, तुला मी यायला नकोय," तिती म्हणाली. "खरं सांग. तू तिकडं गेलीस, तुझं झालं, आता मी आले तर तुझ्या खोलीत गर्दी होईल."

"माझ्या खोलीत सहा जणी आहेत, मूर्ख मुली! सातवी आली तर मला काय? लेटर खोटं आहे!"

"आंटी खतीजांनी चेक केलं. मी मेसेज बघितलाय. जपा लिहिलंय."

"त्याचा अर्थ तो नाही."

"मग आंटींना सांग, त्यांनी सांगू दे. त्यांनी नाही म्हटलं तर मी आत्ता उतरते. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही. मी सगळं विकलंय, सिस्टर. माझ्या वर्गात दुसरी बाई उभी आहे."

मोरेबाईनं माझ्याकडं बघितलं. मी फोनजवळ तोंड नेलं आणि सांगितलं की मी खतीजाचा नवरा, मोहिद्दीन, आणि खतीजा आता नाही. पलीकडं बसचा हॉर्न ऐकू येत होता.

मग तिती हळू आवाजात म्हणाली, "सॉरी सर. पण तुम्ही खरंच त्यांचे आहात हे मला कसं कळणार? आंटीच म्हणायच्या, फोनवरच्या अनोळखी माणसाचं ऐकू नका."

बरोबर होतं तिचं. वहीत सहाव्या मुद्द्यात तसंच लिहिलंय.

तेव्हा मला सुचलं. खतीजाचा फोन माझ्या खिशात होता. ग्रुपमध्ये तिच्या सगळ्या नोटा होत्या. मी त्यांतली एकही ऐकली नव्हती, ऐकायची हिंमतच नव्हती. मोरेबाईला म्हणालो, "राजीनाम्यावरची कुठली आहे? ती शोध." तिला पाठ होतं. तिनं वर सरकवत शोधली, मागच्या रमजानआधीची, आणि दोन्ही फोन एकमेकांजवळ धरले.

खतीजा बोलायला लागली. खोकली आधी, नेहमीसारखी. मग म्हणाली, "हॅलो सिस्टर्स. टुडे पॉइंट इज रेझिग्नेशन. रेझिग्नेशन इज लास्ट. फर्स्ट व्हिसा इन युवर हँड. व्हिजिट व्हिसा नो, एम्प्लॉयमेंट व्हिसा. देन लेटर नंबर यू चेक, नेम इज युवर नेम ऑर नॉट. देन टिकेट. देन, लास्ट, रेझिग्नेशन. आफ्टर रेझिग्नेशन नोबडी कीप चेअर फॉर यू. आय नो. आय सी एव्हरी डे." मागून झाराचा आवाज आला, "मम्मी, इट्स ‘कीप्स’," आणि खतीजा म्हणाली, "गप गं." मग म्हणाली, "ओके सिस्टर्स. जपा हां."

नोट संपली. मी गेटच्या लोखंडी खांबाला धरून उभा होतो.

तिती पलीकडून म्हणाली, "तो शेवटचा शब्द. सर, तुमच्या भाषेत तो काय आहे?"

मी म्हणालो, "आमच्याकडं घरातून निघणाऱ्या माणसाला म्हणतात. जिवाला जपा. काळजी घ्या."

"जा, असं नाही?"

"नाही."

ती त्यांच्या भाषेत कुणाला तरी काहीतरी मोठ्यानं म्हणाली. मोरेबाई मला म्हणाली, "ड्रायव्हरला थांबायला सांगतेय." दार उघडल्याचा आवाज आला, लोक ओरडत होते, सामान उतरवायचं होतं बहुतेक. मग तिती म्हणाली, "सिस्टर, मी ओगेरेला उतरलेय. रस्त्याच्या कडेला आहे. माझ्याकडं दोन बॅगा आहेत." आणि मग ती रडायला लागली. मोरेबाई तिला सांगत राहिली की पलीकडं जा, उलटी बस पकड, घरी जा. सुपरवायझरनं पाच मिनिटांची वीस झाली तरी काही म्हटलं नाही.

निघताना मोरेबाई मला म्हणाली, "अंकल, तुम्ही फोन बंद का ठेवला?"

मी म्हणालो, "वाजत होता."

तिनं मान हलवली. तिनं मला क्षमा केली की नाही, मी विचारलं नाही.

मेट्रोत बसलो तेव्हा माझ्या शेजारी एक बाई तिच्या मुलीला सांगत होती की हे स्टेशन तीन दिरहॅमचं, म्हणजे इतके रुपये. आम्हीही अजून तसंच करतो. वहीत सतराव्या मुद्द्यात खतीजानं लिहिलंय, दिरहॅमचे नायरा, म्हणजे तिकडचे पैसे, करत बसू नका, पहिल्या वर्षी जेवण तुटतं त्यानं.

त्या शनिवारी मी तितीच्या हेडमिस्ट्रेसला पत्र लिहिलं. मी सांगितलं, झारानं टाइप केलं. त्यात मी लिहिलं की या बाईनं राजीनामा दिला तो आमच्या घरून गेलेल्या शब्दाच्या चुकीमुळं, आणि ती चूक पंधरा दिवस सुधारली नाही ती माझ्यामुळं. झारा म्हणाली, "पापा, यू डोंट हॅव टू राइट दॅट." मी म्हणालो, लिही. तिनं लिहिलं. मग ती रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मी तिच्या शेजारी बसलो. तिनं विचारलं, "जपा, हाउ डू यू स्पेल इट? लाइक, इन मराठी?" मी कागदावर काढून दाखवलं. ज, प, आणि पला काना. तिनं ते खाली तीनदा गिरवलं, बालवाडीतल्या पोरासारखं, वाकडं.

आता शुक्रवारी दुपारी मी वही वाचतो आणि झारा इंग्लिशमध्ये लिहून ग्रुपवर टाकते. व्हॉइस नोट आम्ही करत नाही. मोरेबाईनं सांगितलंय की लिहिलेलंच बरं, आणि शेवटी कुठलाही दुसऱ्या भाषेतला शब्द नको. मुद्दे साधेच आहेत. सर्टिफिकेटवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर एक करून घ्या, तिकडूनच, इथून करायला सहा महिने जातात. अरबीत सही करायच्या आधी वाचून घ्या, वाचणारा कंपनीचा नको. पासपोर्ट स्वतःजवळ. फॉर्मवर ‘इमर्जन्सीमध्ये कुणाला कळवायचं’ असतं तिथं गावच्या आईचं नाव टाकू नका, इथल्या कुणाचं टाका, आणि त्या माणसाला ते सांगून ठेवा. मागच्या शुक्रवारी हा मुद्दा वाचताना मी थांबलो. खतीजानं खाली कंसात लिहिलं होतं, ‘यांचा फोन खणात असतो. खैरुद्दीनभाईंचं टाकलंय.’

आमच्या लिफ्टचं काम झालं. तितीच्या शाळेकडून उत्तर आलेलं नाही. मोरेबाई म्हणते सत्र संपल्यावर बघतील, कदाचित बघणार नाहीत. तिती सध्या एका दुकानात बसते. ग्रुपवर ती गप्प असते, पण प्रत्येक मुद्दा वाचते, खाली दोन निळ्या खुणा दिसतात.

वहीत एकतीस मुद्दे आहेत. बावीस झाले. नऊ राहिलेत, आणि तितीची नोकरी.